आसामले गेला

नातीच्या पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस येणार, हे सुनेने सकाळपासून मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिने आवाज जरा खाली आणला आणि म्हणाली, "आई, तुम्ही फार बोलू नका हं. विचारतील तेवढंच सांगा." मी मान हलवली. सुनेला माझ्या तोंडाचा भरवसा नाही. तिचं चुकतं असंही नाही, कारण या एका बाबतीत मलाच माझ्या तोंडाचा भरवसा नाही.

नात परदेशी नोकरीला चालली आहे. टेबलावर तिचे सहा फोटो पडलेत, सगळे एकसारखे. दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि हसायचं नाही, असा नियम आहे म्हणे. मी त्यातला एक उचलून नाकाशी नेला तेव्हा पोरगी हसायला लागली. फोटोचा कोणी वास घेतं का, म्हणाली. मी उठले, माझ्या पेटीतून एक फोटो काढून आणला आणि तिच्या हातात दिला. "याचा घे," म्हटलं. तिने हुंगलं, नाक मुरडलं आणि विचारलं, "कोंडा?"

कोंडाच. तांदळाचा. साठ वर्षं होत आली, तरी त्या फोटोतून कोंडा जात नाही.

फोटोतले गृहस्थ माझे बाबा. गोंदियात तेव्हा एका कच्छी शेठची राईस मिल होती आणि बाबा तिथे मिस्त्री होते. रोज पहाटे गावातून चालत जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. मिलच्या आवारात मोठ्या हौदांत धान उकडायचे, उसना तांदूळ करायला. त्या उकडलेल्या धानाचा वास ओलसर, गोडूस आणि जरा आंबट. थंडीच्या दिवसांत तो वास बाबांच्या आधी घरात शिरायचा. माय चुलीपासून न उठता म्हणायची, "आले तुहे बाबा." मागाहून बाबा दारात दिसायचे. बाबा इंजिनाजवळ डोळे मिटून उभे राहत आणि नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगत. शेठ हे पाहुण्यांना दाखवायचा. बाबांना त्याचा रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

आमचं गाव कामठ्याच्या अलीकडचं, थोडक्या घरांचं, मधोमध बोडी म्हणजे छोटा तलाव. संशय त्या गावाच्या पाचवीलाच पुजलेला होता. बाहेरचा माणूस आपणहून आला म्हणजे काहीतरी न्यायलाच आला, हे आम्हाला बोलायला शिकण्याआधी कळायचं. जंगलखात्याचा गार्ड यायचा तो कोणाच्या परसात सागाचं लाकूड दिसतं का ते बघत. अरकाटी यायचा. अरकाटी म्हणजे चहाच्या मळ्यांसाठी माणसं गोळा करणारा दलाल. तो गोड बोलायचा, पोरांना गूळ-फुटाणे द्यायचा, कागदावर अंगठा उठवून घ्यायचा आणि माणसाला गोंदिया स्टेशनावर गाडीत बसवून द्यायचा. तो माणूस मग दिसायचा नाही.

यावर गावाने एक औषध शोधलं होतं. हातात कागद घेऊन कोणी परका कुणाचं नाव विचारत आला की ज्याला विचारलं त्याने सांगायचं, "तो? तो आसामले गेला." बस. आसामात गेलेल्याला शोधायला कोण जातं? विचारणारा वही मिटून वाटेला लागायचा. शेणाच्या गोवऱ्या थापता थापता बायका हे उत्तर देत, गुराखी पोरं देत, आणि ज्याचं नाव विचारलं तो स्वतःसुद्धा तोंड भरून हेच सांगे. या रिवाजाला दुसरी बाजू होती. कोण बोललं ते नंतर कधीही कोणी सांगायचं नाही, घरातल्या माणसालासुद्धा नाही. म्हणजे उलटून कोणी आलंच तर एकट्यादुकट्याच्या गळ्याशी येत नसे.

फक्त आमच्या घरात हे वाक्य चालत नव्हतं. मायचा थोरला भाऊ खरंच आसामला गेला होता. एकदा कुणाच्या तरी हातून लिहिलेलं पोस्टकार्ड आलं, आणि मग काहीच नाही. त्याचं घोंगडं आमच्याकडे खुंटीला होतं. माय दर वर्षी ते उन्हात घालायची, झटकायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. मी एकदा खेळताना ते वाक्य म्हटलं तर मायने हातातली पळी माझ्या पाठीत घातली होती. इतर वेळी माय कधी हात उगारत नसे.

अशा घरात एका संध्याकाळी बाबांनी सांगितलं की शेठच्या भावाने आफ्रिकेत राईस मिल टाकली आहे, तिथे मिस्त्री पाहिजे, आणि शेठने त्यांचं नाव कळवलं आहे.

माय भात वाढत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "आफ्रिका कोनत्या बाजूले?"

"समुद्रापल्याड. बंबईहून आगबोट."

"अन् कागद?"

"कागद तं लागते नं. सरकारचा पासपोर्ट लागते, अन् तिकडच्या सरकारचा परवाना लागते. तीन सालचा करार."

"मंजे अंगठा."

"अंगठा कायले? सही. मले सही येते."

"माह्या भावाले सांगितलं होतं दोन सालचं," माय म्हणाली. ताटात भात जास्तच पडला होता. तो तिने तसाच राहू दिला.

मग सगळ्या गावानेच संशय घेतला. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोमाजी आजा बसायचे, गावातले सगळ्यात म्हातारे. ते म्हणाले, शेठचा भाऊ सख्खा आहे का ते आधी पाहा. शेजारणीला काळजी होती की बोटीवर कोणाच्या हातचं खावं लागेल. बाबा समजावून सांगत की मिलच्या शेजारी एक तलाव आहे, नवेगावच्या बांधापेक्षा कितीतरी मोठा, एवढा की पलीकडचा काठ दिसत नाही. "काठ दिसत नाई तं तो तलाव कसा गा?" दोमाजी आजा म्हणत. "तुले फसवून राहिले. तो समुद्रच असन." बाबा हसत, पण रात्री शेठचं पत्र काढून कंदिलाखाली पुन्हा एकदा वाचत. फसवणुकीची भीती त्यांनाही होती. त्यांची चाल मात्र बदलली होती. पहाटे निघताना ते गुणगुणत जायचे.

काय गुणगुणत ते मला एकटीला ठाऊक होतं. शेठने त्यांना तिकडचे तीन शब्द शिकवले होते. धानाला तिकडे म्पुंगा म्हणतात, तांदळाला म्चेले आणि शिजलेल्या भाताला वाली. बाबांना याचं कोण अप्रूप! "पाह्य पोट्टे," ते म्हणाले, "साहेबाच्या बोलीत सप्प्याले एकच शब्द. ह्या लोकायजवर तीन हायेत, आपल्यावानी. मंजे मानसं भाताची हायेत. भाताच्या मानसाचं कायले भेव?" मी मुंडी हलवली. एकटी असताना मी ते शब्द म्हणून पाहायची, आणि जी बोली बाबांना ओढून नेणार होती तिचा मला भयंकर राग यायचा.

फोटोसाठी स्टेशनातल्या तिकीटबाबूचा कोट आणला होता. बाह्या आखूड. गोंदियाच्या बाजारात फोटोवाल्याने बाबांना पडद्यासमोर उभं केलं, पडद्यावर कारंजं आणि कमान. "हिलना नहीं मिस्त्री, साँस भी मत लेना," तो म्हणाला, आणि बाबांनी खरोखरच श्वास धरला. फोटोत पाहा, छाती फुगलेली आहे. मनगटावर इंजिनाच्या वाफेने भाजल्याचा डाग होता. अर्जात ओळखीची खूण विचारतात, तिथे तोच लिहिला. घरी आल्यावर मायने विचारलं, "आंगावरची खून कायले पाह्यजे त्यायले?" बाबा कोटाची घडी घालत होते. उत्तर मायनेच दिलं. "मेल्यावर ओरखू याव म्हून." त्या रात्री कोणी जेवलं नाही.

मग नागपूरहून निरोप आला की कागद ठाण्यात गेलेत आणि चौकशीला माणूस गावात येईल. गावचा रिवाज बाबा जाणून होते. ते घरोघर फिरले. मुकद्दमाला, म्हणजे गावच्या पाटलाला, सांगितलं, गुराख्यांना सांगितलं, दोमाजी आजांच्या पायाशी बसून दोनदा समजावलं की या खेपेला आसाम नको. आजांनी "हो नं बाप्पा" म्हटलं, पण ते तसं सगळ्यालाच म्हणत. शेवटी बाबांनी मला समोर उभं केलं. मी बोडीवर सगळ्यात जास्त वेळ असायची, तेव्हा माणूस पहिल्यांदा मलाच भेटणार हे त्यांनी ताडलं होतं. मला त्यांनी वाक्य शिकवलं. "होय साहेब, इथंच राहतेत. भला मानूस हाये. लिवा." दहा वेळा म्हणायला लावलं. 'लिवा' म्हणताना हाताने लिहायची खूण करायची, तीसुद्धा शिकवली. मी चुकले नाही एकदाही. बाबा खूश झाले आणि म्हणाले, "शिवरातीले तुले नागऱ्याले नेतो."

शिवरात्रीच्या दिवशी जवळजवळ सगळं गाव नागऱ्याच्या जत्रेला निघून गेलं. मुकद्दम गेला, गुराखी गेले. बोडीच्या पलीकडे पळस लाल झाले होते आणि आंब्याच्या मोहोराचा वास वाऱ्यावर येत-जात होता. बाबांना अर्धा दिवस काम होतं. दुपारी येतो म्हणाले होते, आणि दुपार उलटून चालली होती. मी नवा परकर घालून, तेल लावलेल्या घट्ट वेण्या घालून पाळीवर वाट पाहत बसले होते. अशा वाट पाहण्यात माणूस जे काही मनात नसतं तेही मनात आणतो. मला वाटत होतं, आताच येत नाहीत, तर समुद्रापल्याडून कसे येणार? मागे घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं. धप, धप, धप.

सायकल हातात धरून एक माणूस पाळीवरून आला. वर्दी नव्हती. काळी टोपी, घामाने पाठीला चिकटलेला सदरा, काखेत चामड्याची पिशवी. त्याने पिशवीतून कागद काढला. बाबांचं नाव वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला. "ए लड़की, ये आदमी यहीं रहता है क्या?"

कागदाला टाचणीने फोटो लावलेला होता. हाच. आखूड बाह्यांचा कोट, मागे कारंजं, रोखून धरलेला श्वास.

"हा?" मी म्हटलं. "हा तं आसामले गेला."

"कब?"

"लगित दिवस झाले."

त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, मग चिंचेखाली बसलेल्या दोमाजी आजांना हाक मारली. "क्यों बाबा, सच है?" आजांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. "हो नं बाप्पा. आसामले. सप्प्या गावाले माहीत हाये."

त्या माणसाने जिभेवर पेन्सिल ओली केली आणि लिहिलं. पेन्सिल जांभळी होती, ओठावर डाग उतरला. गावात दुसरं कोणी दिसत नव्हतं आणि ऊन तापलं होतं. तो ओंजळीने बोडीचं पाणी प्याला आणि सायकलवर बसून निघून गेला. "शाब्बास व पोट्टे," दोमाजी आजा म्हणाले. मघाशी धुण्याचा आवाज थांबला होता, आता पुन्हा सुरू झाला. मी मागे वळून पाहिलं नाही.

बाबा थोड्याच वेळात धावत-पळत आले. पट्टा तुटला होता म्हणे. त्यांनी मला खांद्यावर घेऊन नागऱ्याला नेलं. बेलाची पानं, चिखलात तुडवलेली झेंडूची फुलं, तळणीचं तेल, घंटा. मला त्यांनी हिरव्या बांगड्या घेतल्या. वर बसून मला दूरदूरचं दिसत होतं आणि खाली बाबा गुणगुणत होते. म्पुंगा, म्चेले, वाली. मी रेवडी खात होते. सांगायला तोंड उघडलं की त्यात रेवडीच जात होती.

पुढचं थोडक्यात. इसम गावात आढळला नाही, जिल्हा सोडून गेला आहे, असा शेरा पडला. बाबा ठाण्यात गेले, नागपूरला जाऊन आले, मी हा इथे जिवंत उभा आहे म्हणून मनगटावरचा डाग दाखवला. तोवर परवान्याची मुदत गेली आणि शेठच्या भावाने रायपूरकडचा माणूस नेला.

बाबांनी गावात घरोघर फिरून विचारलं, "कोन बोललं?" त्या दिवशी बहुतेक सगळे जत्रेत होते, त्यांना ठाऊकच नव्हतं. दोमाजी आजांना ठाऊक होतं. ते खाली पाहून तंबाखू मळत राहिले. रिवाज म्हणजे रिवाज. पुढच्या पावसाळ्यात आजा गेले. बाबांनी मलाही विचारलं, अगदी सहज. "तुले भेटला होता का गं कोनी?" मी म्हटलं, नाही. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. दहा वेळा न चुकता म्हणून दाखवणाऱ्या पोरीवर कोण संशय घेईल?

संशय मायवर गेला. जायचं नाही असं तोंडावर म्हणणारी ती एकटीच होती, आणि त्या दिवशी ती गावातच होती. बाबांनी तिला विचारलं नाही. त्यांनी कागदांच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप आणलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. "घरात कागद कुरतडनारे उंदीर झाले," एवढंच म्हणाले. माय भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

ते कुलूप कधी निघालं नाही. बाबा मिलमध्ये जात राहिले आणि पांढरे होऊन परत येत राहिले. गुणगुणणं मात्र थांबलं. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मिलच्या छपरावर झेंड्याची काठी बाबांनीच बसवली. सगळ्या आवारात तांदळाची खीर वाटली गेली. घरी येऊन ते मायकडे पाहत म्हणाले, "आता राज आपलं. आता तं नाई कोनी अडवनार जायले?" माय म्हणाली, "जाऊन पाहा." बाबा हातपाय धुवायला गेले. मी तेव्हा लग्नाची झाले होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा करायला उठले.

बाबा गेल्यावर करदोट्याची किल्ली मायच्या हातात आली. आम्ही दोघींनी पेटी उघडली. शेठची पत्रं, शेरा मारलेला कागद, हा उरलेला फोटो, आणि तळाशी एका पुडीत मूठभर कोंडा. तो त्यांनी कशाला ठेवला होता ते त्यांनाच ठाऊक. माय फोटो पुशीत बसली. माझ्याने राहवलं नाही. "माय," मी म्हटलं, "त्या दिवशी..."

"धोत्र धूत होती मी," माय म्हणाली. "घाटावर."

जे वाक्य तिच्या घरात उच्चारायची बंदी होती, ते माझ्या तोंडून तिने ऐकलं होतं. त्या दिवशी तिने पळी उचलली नव्हती.

"मंग बाबाले सांगितलं काऊन नाई? इतके सालं त्यायनं तुह्यावरच..."

"का सांगू?" ती म्हणाली. "तू नसती बोलली तं मी बोलली असती. पायरी चढूनच राहिली होती मी. तू आधी बोलली, येवढंच." मग तिने फोटो माझ्या हातात दिला आणि पेटी पालथी करून कोंडा झाडला.

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. ती खरं बोलली की मला सोडवायला बोलली, याचाही मला संशय आहे. संशय जात नाही. खुंटीवरचं घोंगडं शेवटी मायबरोबर गेलं, तरी तो जात नाही.

दुपारी पोलीस आला. कोवळा मुलगा, मोटारसायकलवरून आलेला. सुनेने चहा दिला. शेजाऱ्यांना त्याने आधीच विचारून घेतलं होतं. त्याने नातीची सही घेतली, रजिस्टर मिटलं आणि उठला. मला त्याने काहीच विचारलं नाही. सुनेने सुटकेचा श्वास टाकला.

"विचारा नं," मी म्हटलं.

"क्या, आजी?"

"ही पोट्टी इथं राहते का, ते मले विचारा."

सुनेचा चेहरा पडला. नात हातात बाबांचा फोटो धरून दारात उभी होती. तिने जाऊ नये असं मला वाटतं. तीन वर्षं म्हणते आहे, आणि तीन वर्षं मी आहे की नाही कोणाला ठाऊक. जिभेवर ते जुनं वाक्य आलं, अगदी तयार, जराही जड नाही.

पोलीस हसला. त्याने रजिस्टर पुन्हा उघडलं, माझी गंमत म्हणून. "बताओ आजी. ये लड़की यहीं रहती है?"

"होय साहेब," मी म्हटलं. "इथंच राहते. भली पोरगी हाये." माझा हात आपोआप वर आला आणि हवेत लिहू लागला. "लिवा."